राजीनामा करणे

सूत्रसंचालन करणाऱ्या भूमिकाने पाहुण्यांचा परिचय वाचायला घेतला तेव्हा टेबलावरचा चहा गरम होता. पीएच.डी., डी.लिट., माजी कुलगुरू, शब्दांच्या व्युत्पत्तीवरचे ग्रंथ, टीव्हीवरची मालिका असं करत ती शालीपर्यंत पोहोचली, तोवर चहावर साय धरली होती.

डॉ. दत्तात्रय महाजन बोलायला उभे राहिले. शाळेच्या वयातच पुण्याला गेलेला बुऱ्हाणपूरचा मुलगा एवढा मोठा होऊन आला म्हणून सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत त्यांच्या वहिनी, मालूबाई. थोरले भाऊ लीलाधर मागच्या उन्हाळ्यात वारले. जसोंडीच्या शेतावरून दोघा भावांची केस चालू होती, त्यामुळे दत्तात्रय तेव्हा आले नव्हते.

सरांनी हमखास हशा मिळवणारा किस्सा काढला.

"मी कुलगुरू होतो. विद्यार्थी रोज गेटवर माझा राजीनामा मागायचे. अशात दादाचा फोन. कितीतरी वर्षांनी! म्हणतो, 'दत्तू, बस झालं आता, राजीनामा करून टाक.' म्हणजे घरचा माणूसही त्यांना सामील! मी म्हटलं, दादा, राजीनामा देतात, करत नाहीत. आधी क्रियापद शीक. आणि फोन ठेवला."

पुण्यात या वाक्यावर टाळ्या पडत. सर त्यांच्यासाठी थांबले.

कोणी हसलं नाही. मागे कोणीतरी "अरे राम" म्हणालं, तेवढंच.

भूमिका खुर्चीतून पुढे वाकली. "सर, आपल्या इकडे राजीनामा मतलब समझौता. दोन्ही पार्टी कोर्टात लिहून देतात ना, केस मिटली म्हणून. ते."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. व्युत्पत्ती त्यांना लगेच आठवली. राजी असल्याचा कागद, तो राजीनामा. त्यांच्याच ग्रंथात होती, तळटीपेसकट.

भाषण त्यांनी कसंबसं आवरलं. शाल तशीच खांद्यावर घेऊन ते खाली आले.

"वहिनी, दादा केस मिटवायचं म्हणत होता?"

"हो ना, भाऊजी. वकिलाच्या ऑफिसातूनच लावला होता फोन. कागद टाईप करून ठेवला होता."

"मग पुन्हा का नाही केला? तुम्ही तरी सांगायचं त्याला, की मला कळलं नसेल."

"सांगितलं ना. म्हटलं, परत लावा, भाऊजींना समजलं नसेल." मालूबाईंनी पदर सावरला. "तर माझ्यावरच खेकसले. म्हणे, 'येडी झाली का तू? शब्दांवर पुस्तकं लिहिली त्यानं. त्याला नाही समजणार? समजूनच नाही म्हणतोय तो.'"