अलाबला

पहिला ठोसा राजेश्रीच्या जबड्यावर बसला आणि तिला काहीच लागलं नाही.

लातूरच्या पोरीचा हात काही हलका नव्हता. आवाज वरच्या पायऱ्यांपर्यंत गेला. राजेश्रीचं डोकं मागं गेलं, पण दुखणं आलंच नाही. दुसरी एखादी खूश झाली असती. राजेश्री घाबरून दोन पावलं मागं सरली.

सहा वर्षांपूर्वी ती राज्याची चॅम्पियन होती. पेपरवाले लिहायचे, पोरगी लोखंडाची आहे. कसलं लोखंड! तिला मार लागतच नसे. प्रत्येक सामन्याआधी तिची आई, सरजाबाई, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. "तुजी इडापिडा मला लागू दे, माय." अशी अलाबला कुठली आई घेत नाही? राजेश्री जिंकून घरी यायची तेव्हा सरजाबाईचा पदर गालावर ओढलेला असायचा. विचारलं तर म्हणायची, ऊस भरताना मोळी निसटली. राजेश्रीला ते खरं वाटायचं. खरं वाटून घेणं सोयीचंही होतं.

शेवटच्या सामन्यात, तिसऱ्या फेरीत, एक ठोसा तिला अचानक लागला. जन्मात पहिल्यांदा. डोळ्यांपुढं अंधारी आली. कशीबशी जिंकून ती खाली उतरली, तर घरून फोन आला होता. सरजाबाई नेमकी त्याच वेळी अंगणात बसल्या जागी गेली होती. बायकांनी आंघोळ घालताना लुगडं सोडलं तेव्हा राजेश्रीनं पाहिलं. बरगड्यांवर काळेनिळे डाग होते, ग्लोव्हजच्या मापाचे. त्याच दिवशी तिनं ग्लोव्हज माळ्यावर टाकले. लोकांना वाटलं, लग्न ठरलं म्हणून सोडलं.

ती मेडलं खरी कुणाची, हा प्रश्न मात्र तिला खात राहिला. आता तिचा मार घेणारं कुणी उरलं नव्हतं. एकदा तरी आपला मार आपण खाऊन जिंकायचं, एवढ्यासाठी आज ती परभणीच्या रिंगमध्ये परत उतरली होती.

मग आता लागत का नव्हतं?

तिनं प्रेक्षकांकडं पाहिलं. तिसऱ्या रांगेत तिची सासू, धुरपताबाई, बसली होती. नको नको म्हणताना बोरीहून सोबत आलेली. सुनेचा हा खेळ तिच्या डोळ्यांत सलायचा. "लेकराची माय तू, अन् चड्डी घालून मारामाऱ्या करायलीस?" सराव सुरू झाल्यापासून घरात हेच चाललं होतं. आज स्टेडियमच्या दारात मात्र तिनं पदरानं राजेश्रीचं तोंड पुसलं. राजेश्री वळली तेव्हा मागं बोटं मोडल्याचा आवाज आला होता. म्हातारीचे सांधे वाजले असतील, असं तिला वाटलं होतं.

आता धुरपताबाईनं पदर जबड्यावर दाबून धरला होता.

दुसऱ्या फेरीत राजेश्री नुसती पळत राहिली. तरी दोन ठोसे बसलेच. दोन्ही वेळा म्हातारी खुर्चीत वाकली. घंटा झाली तशी ती उठून कोपऱ्याशी आली.

"आत्याबाई, घरला जावा," राजेश्री कळवळून म्हणाली. "मला माजं लागू द्या."

"तुज्या मायनं घेतलं तवा चाललं. मी घेतलं की मी परकी व्हय?" धुरपताबाईच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. "पळू नको. मार तिला."

बाळंतपणाच्या तापात राजेश्री आईबद्दल काय काय बडबडली होती. म्हातारीनं ते सगळं ऐकून ठेवलं होतं.

"पहिली फेरी तुझी, दुसरी तिची," तिचे कोच, सुगत सर, म्हणाले. "एवढी एक फेरी काढ."

सामना सोडते म्हणून सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. जिंकायचं होतं तिला, खोटं कशाला बोला. अंगावर एकही घ्यायचा नाही, असं ठरवून ती उठली.

तिसरी फेरी ती आयुष्यात कधी खेळली नव्हती तशी खेळली. प्रत्येक ठोसा हुकवला. लातूरची पोरगी मागं सरत दोरांना टेकली. सुगत सर ओरडून ओरडून घोगरे झाले. मग अगदी शेवटाला एक हात खालून आला आणि राजेश्रीच्या बरगडीत बसला.

लागलं. श्वास अडकेल इतकं लागलं. सहा वर्षं तिला हवं होतं ते हेच, तिचं स्वतःचं दुखणं.

पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा तिनं मान वळवली. तिसऱ्या रांगेतल्या बायका उठून उभ्या होत्या. त्यातली एकही रिंगकडं बघत नव्हती.