आईचं सेटिंग

केर काढणाऱ्या मावशींच्या झाडूत अडकून कॅमेऱ्याची वायर निघाली. त्यांनी ती दिसेल त्या खाचेत परत खुपसली, आणि मेला कॅमेरा सगळी सेटिंग्ज विसरून बसला.

आता स्क्रीनवर आई दिसत होती ती अशी: पिवळीफटक, गाल बसलेले, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. म्हणजे होती तशीच.

थोरल्याने कपाळाला हात लावला. धाकटीचा परदेशातून व्हिडिओ कॉल आता येईलच. पण तसं घाबरायचं कारण नव्हतं. त्याने कॉम्प्युटरवर 'आई' नावाने एक सेटिंग वेगळं सेव्ह करून ठेवलं होतं. उजेड जास्त, रंगात जरा लाली, आणि कॅमेरा इतका जवळ की सिलिंडर दिसायलाच नको. एक बटण दाबलं की आई ठणठणीत!

हे सुरू केलं आईनेच. "पोरीची परीक्षा होऊ दे रे, तोवर कळू देऊ नकोस." परीक्षा झाली. नोकरीही लागली. मग आता कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून हा आज-उद्या करत राहिला. आणि काल डॉक्टर म्हणाले, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

कॉल आला. त्याचं बोट बटणापाशी गेलं. आईला ग्लानी आली होती, तोंड उघडं पडलं होतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली. ही तिचीही आई आहे, आणि आपण ती तिच्यापासून चोरतोय. बटण न दाबताच त्याने कॉल घेतला.

धाकटी बघत राहिली. रडली नाही की ओरडली नाही.

"चिडू नकोस गं. तुला खरं दिसू नये म्हणून मीच कॅमेऱ्यात..."

"माहितीये, दादा. आईचे गाल लाल केलेस, तशी मागची भिंतही गुलाबी झाली. ती भिंत मी रंगवलीये. पांढरी आहे ती. मला पहिल्याच दिवशी कळलं."

त्याचा आवाज एकदम चढला. "मग आली का नाहीस? एवढं कळत होतं तर आली का नाहीस?"

"तू बोलावलं नाहीस ना," ती म्हणाली. "म्हटलं, अजून वेळ आहे."