टेकडीवरचा मोजणीचा दगड

“दगडच हवाय ना? मग हा घ्या, तो घ्या, पैशाला पासरी पडलेत इथे!” पदराने वारा घेत मृणालिनीबाई म्हणाल्या.

निवृत्त सर्वेअर असलेल्या त्यांच्या यजमानांचं लक्षच नव्हतं. एका हातात जीपीएस, दुसऱ्यात पहार, खिशात ब्रश. लग्न ठरलं त्या वर्षी याच टेकडीवर त्यांनी उंचीच्या खुणेचा सरकारी दगड पुरला होता. तो आता गवतात कुठेतरी हरवला होता. “तू घरीच थांब,” असं सकाळपासून त्यांनी इतकं बजावलं, म्हणून तर बाई आल्या होत्या.

पहार ठणकन वाजली. “सापडला! पण तू इकडे येऊ नकोस हं, काटे आहेत.”

बाई लगेच उठल्या. यजमानांच्या खिशातला ब्रश काढून त्यांनीच दगडावरची माती झाडली. सरकारी खुणेच्या बाणाखाली छिन्नीने नाव कोरलं होतं: यमू.

बाईंचं माहेरचं नाव! लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘मृणालिनी’ लिहिलं गेलं, त्यानंतर हे जुनं नाव सासरी कुणी घेतलंच नव्हतं.

“मग तांदळांत दुसरं का लिहिलंत?”

“आईने सांगितलं म्हणून,” यजमान कान खाजवत म्हणाले. “पण एकदा पुरलेली खूण बदलायची नाही, असा आमच्या खात्याचा नियम आहे.”

“नियम म्हणे! चला, ऊन चढलं,” म्हणत बाई तरातरा उतरू लागल्या.

“यमू, जपून!” मागून हाक आली.

ही आणखी कोण बाई टेकडीवर आली, म्हणून बाईंनी वळून पाहिलं.