पायात येणाऱ्या मांजरी

वेल्डरने अख्ख्या वस्तीच्या जिन्यांना कठडे बसवून दिले होते. स्वतःच्या घरचा जिना मात्र सात वर्षं बिनकठड्याचाच होता. घरात दोन मांजरी होत्या आणि दोघींना झोपायला एकच जागा पसंत होती, त्याच्या पुढच्या पावलाखालची.

रोज सकाळी तो उतरायला लागला की बायको खालून ओरडायची, "अहो जपून, पायात मांजर आहे!" तो आधी मांजरीला लाथ घालायचा आणि खाली आल्यावर बायकोला एक ठेवून द्यायचा, सकाळी सकाळी ओरडली म्हणून.

रविवारी चहात साखर कमी पडली, तेव्हा त्याने तिचा जबडाच मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने बांधले आणि महिनाभर तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं.

"चला, घरात शांतता झाली एकदाची!" वेल्डर खूश झाला.

मंगळवारी सकाळी तो उतरायला लागला. खालून तिला पाऊलही दिसलं आणि मांजरीही. ती जिवाच्या आकांताने ओरडली. बाहेर आलं नुसतं "उंऽऽ". त्याचं डोकं सोळाच्या सोळा पायऱ्यांवर आपटत खाली आलं. मांजरींना खरचटलंही नाही.

सांत्वनाला आलेली माणसं पांगल्यावर, घरातही काळा चष्मा लावून बसलेली शेजारीण हळूच तिच्या कानाशी लागली.



"वहिनी, आठवडाभर मांजरी द्याल का? आमचा जिना तसा लहान आहे, पण दोघी मिळून जमवतील."