अकरा कुलपं

धूर दाराखालून आत आला तेव्हा किल्लीकाकांच्या दाराला आतून अकरा कुलपं होती.

सात नव्हे, दहा नव्हे, अकरा. किल्लीकाका दुपारची डुलकी काढायची असली तरी सगळी लावत. सगळी त्यांनी स्वतः घडवलेली. चोराने बाहेरून नुसता कान लावला तरी त्याला घाम फुटावा. अकराही किल्ल्या एका कड्यात, दिसायला सारख्या. खूण एकीवरही नाही. चोराला वाचता आली तर?

"काका, खाली या. कापूस धुमसतोय," खालचा गादीवाला जिन्यातून ओरडत होता.

"आलो," काका म्हणाले, आणि पहिली किल्ली लागली नाही. दुसरीही नाही. तिसरीला कडंच हातातून सुटलं.

चाळीस वर्षं गावाची अडकलेली दारं उघडून देणारा माणूस, पण आज किल्ली भोकाभोवती माशीसारखी घोंघावत होती. खिडकीला गज. त्यांतून जाईल असा घरात एकच जण, बोका. नाव फौजदार, पण जन्मात त्याने उंदीरसुद्धा अडवला नव्हता. एक वाटी आणि काकांची मांडी, एवढ्यावर त्याचा संसार.

फौजदार गजांतून सटकला.

"जा बाबा," काका म्हणाले. "तू तरी सूट." धुरापेक्षा ती रिकामी खिडकी वाईट होती.

मग गजांतून मिशा परत आत आल्या. फौजदार शिंकला, खाली उतरला आणि काकांच्या पावलावर बसला. कान मागे, शेपटी फुगलेली, अंग लटलटतंय. तरी घुरघुर चालूच.

"वेडा आहेस का? दार मला उघडत नाही, तुला काय उघडणार?"

फौजदार हलला नाही. पावलावरचं ते ऊबदार ओझं घुरघुरत राहिलं. काकांनी कडं उचलून डोळे मिटले; धुरात ते तसेही कामाचे नव्हते. अंगठा किल्लीच्या दातांवरून फिरला. हे दात आपणच घासलेत. पहिलं कुलूप उघडलं. दुसरं. पाचव्याला खोकल्याने जीव घाबरा केला. अकराव्याला दार उघडलं की काकाच दाराबाहेर कोसळले, कळलं नाही.

कापसावर पाणी पडलं, धूर विरला. काका खालच्या पायरीवर बसले होते, काखेत बोका.

"अकरा कुलपं," गादीवाला म्हणाला. भीतीने त्याचाही आवाज चिरकला होता. "आत एक खाट नि एक किटली. तुमच्याकडे यायचं तरी कोणी, काका?"

फौजदार काखेतून सुटला, जिना चढला आणि आयुष्यात पहिल्यांदा दारातून आत गेला.

काकाही मागोमाग गेले.

"काका, दार उघडंच राहिलंय," गादीवाल्याने हाक दिली.

"राहू दे," वरून आवाज आला. "यायचा तो आलाय."