दहाव्या दिवसाचा चिमटा

मणक्यातली गादी सरकून भुऱ्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले, तेव्हापासून कडूबा ते चेपत बसे. "चाळीस वर्सात माहे पाय चेपले काय हो कधी?" मनकर्णाबाई नवऱ्याला टोमणा मारी. गुरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "रोज पायाच्या बोटाले चिमटा घ्या. दुखून मान वळवली तर आशा आहे. दहा दिवसांत नाही वळवली, तर कायमचं निजवू." नऊ दिवस भुऱ्या समोरच पाहत राहिला. दहाव्या सकाळी कडूबानं चिमटा घेतला, तशी मागे दारात मनकर्णाबाईनं वाळकी भाकर कडकन मोडली. भुऱ्याची मान गर्रकन वळली. "पाह्यलं काय वं? दुखलं त्याले!" "हाव, पाह्यलं," ती तुकडे पदराखाली दडवत म्हणाली. कडूबानं डॉक्टरला 'नका येऊ' म्हणून कळवलं. मग लुळे पाय पुन्हा चेपताना म्हणाला, "उद्या भाकर जरा हळू मोडजो."