दुसरं औषध

"दोन्ही औषधं चालू आहेत ना?" सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून नजर न उचलता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जेल अगदी नियमित," नवरा म्हणाला. "रोज सकाळी दंडाला चोळते. मी स्वतः आठवण करून देतो."

"मी त्यांना विचारलं."

बायकोनं तोंड उघडलं आणि सवयीनं मिटलं.

दोघांची लाँड्री होती. तो पुढे गल्ल्यावर बसायचा, ती मागे वाफेच्या इस्त्रीपाशी उभी. पाळी गेली आणि वाफा तिच्याच अंगातून निघू लागल्या; गिऱ्हाइकांच्या शर्टांपेक्षा तीच जास्त ओली. जेल सुरू झालं, घाम थांबला, झोप लागली, आणि ती मान खाली घालून पूर्वीसारखी कामाला लागली. घरादारानं विज्ञानाचे आभार मानले.

"आणि रात्रीची गोळी? प्रोजेस्टेरॉनची?"

"ती बंद केली," पुन्हा नवराच म्हणाला.

"कोणी?"

"आम्ही सगळ्यांनीच," नवरा विनयानं म्हणाला. श्रेय एकट्यानं लाटणाऱ्यांतला तो नव्हता. "त्या गोळीनं ही सकाळभर पेंगायची, मॅडम. एका गिऱ्हाइकाचा कोट जाळला. तेही सोडा. उलटून बोलायला लागली! आईला म्हणाली, तुमचा चहा तुम्हीच करून घ्या. मला म्हणाली, एक दिवस तुम्ही या इस्त्रीपाशी, मी बसते गल्ल्यावर. नुसत्या जेलवर असलं काही नाही. सोन्यासारखी वागते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "जेलमधलं इस्ट्रोजेन गर्भपिशवीचं अस्तर वाढवतं. गोळीतलं प्रोजेस्टेरॉन ते आवरतं. एक द्यायचं आणि दुसरं तोडायचं, असं चालत नाही. यांचं अस्तर भलतंच वाढलंय. तुकडा तपासायला पाठवू. रक्त कधीपासून जातंय?"

"झाले दोन महिने," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, बरंय की, सून पुन्हा तरुण झाली."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद भरायला घेतला.

"काढावी लागेल का हो पिशवी?" तिनं हळूच विचारलं.

"रिपोर्ट चांगला आला तर नाही. गोळीनंच अस्तर ताळ्यावर येतं. गुंगी फार येत असेल तर दुसरी गोळी बघू. पण घ्यायलाच हवी. आणि उद्यापासून जेल तूर्त बंद."

"घेईन," ती म्हणाली. "मी घेईन गोळी."

"जेल बंद?" नवऱ्याचा चेहरा उतरला. "लग्नसराई तोंडावर आलीय, मॅडम." मग त्याला काहीतरी सुचलं. "मी फोनवर वाचलं होतं. पिशवीच काढून टाकली तर ही गोळी लागत नाही म्हणे. नुसतं जेल चालतं. खरं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. खरं होतं, हीच पंचाईत.

"बहुतेक वेळा चालतं. पण चांगली पिशवी गोळी चुकवायला कोणी काढत नाही. आणि शरीर यांचं आहे. यांना विचारा."

नवऱ्यानं बायकोकडे प्रथमच नीट पाहिलं. धुऊन आलेल्या शर्टाची कॉलर उजेडात धरून बघावी, तसं.

"आजच विचारून घेतो," तो म्हणाला. "अजून अंगात जेल आहे. नाही म्हणायची नाही."